‘माका वळखलंस?’ विचारण्याआधी: स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला भेटण्याची पद्धत

गणपतीला किंवा मे महिन्यात मुंबईहून कोकणातल्या गावी आलेला चाकरमानी पडवीत सामान टेकतो, खाटेवर बसलेल्या आजीसमोर उभा राहतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘आजी, माका वळखलंस? सांग बघू मी कोण?’ मागे चार माणसे उत्सुकतेने उभी असतात. आजीच्या दृष्टीने ही भर सभेत घेतलेली तोंडी परीक्षा असते आणि ती नापास होणार हे तिला उत्तर देण्याआधीच कळलेले असते.

हीच चूक मी माझ्या आत्येच्या बाबतीत केली आहे. तिने पदर सावरला आणि सराईतपणे म्हणाली, ‘वळखूक नाय तर काय! बस, चाय घेतलंस?’ मला वाटले, जिंकलो. थोड्या वेळाने ती माजघरात वहिनीला हळूच विचारत होती, ‘तो कोण इलो हा गे?’ त्या दुपारी ती पुन्हा ओटीवर आली नाही.

पुढील पद्धत ज्यांच्या घरी निदान झालेले आहे आणि भेटायला जावे की न जावे असा प्रश्न ज्यांना पडतो, त्यांच्यासाठी आहे. तिच्यामागील कारण थोडक्यात असे आहे. अल्झायमर या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात मेंदूतील हिप्पोकॅम्पस हा भाग सुरुवातीलाच झिजू लागतो, त्यामुळे नवी घटना साठवली जात नाही. मात्र त्या घटनेने मनात उठवलेली भावना घटनेपेक्षा जास्त वेळ टिकते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात अल्झायमर असलेल्या व्यक्तींना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या, तेव्हा त्यांतील तपशील बहुतेक विसरले गेले, पण दुःख आणि आनंद मागे राहिले. म्हणजे तुमची भेट तिच्या लक्षात राहणार नाही, पण भेटीने आलेली लाज किंवा बरे वाटणे राहील. सर्व टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

एक अपवाद आधीच सांगतो. मेंदूच्या पुढच्या आणि कानशिलाकडील भागापासून सुरू होणाऱ्या स्मृतिभ्रंशात माणसाची सहानुभूती आणि सामाजिक भान हेच आधी बदलते. तेथे प्रेमळ प्रतिसाद मिळेलच असे नाही आणि तो न मिळणे हा तुमचा दोषही नसतो.

टप्पा १: आधी कान, डोळे आणि दुखणे पाहा

बहुतेक जण थेट संवादाच्या युक्त्या शोधतात आणि ही पायरी वगळतात. ज्या माणसाच्या कानात मळ साठून दडे बसले आहेत, मोतीबिंदू पिकला आहे किंवा कवळी हिरड्यांना टोचते आहे, तो ‘आता काहीच समजत नाही’ या सदरात फार लवकर ढकलला जातो. निघण्यापूर्वी घरी फोन करून विचारावे: चष्मा पुसलेला आहे का, श्रवणयंत्रात सेल आहे का, पोट साफ होते का, झोप लागते का, रोज पाणी किती पोटात जाते?

औषधांची यादीही मागून घ्यावी. सर्दी-खाजेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या क्लोरफेनिरामिनसारख्या जुन्या प्रकारच्या गोळ्या अशा रुग्णांचा गोंधळ वाढवतात. डॉक्टरांना दाखवल्याशिवाय त्या सुरू ठेवू नयेत.

*इशारा: कालपर्यंत बोलणारा माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागला, फार गुंगीत राहू लागला किंवा खवळू लागला, तर तो ‘आजार वाढला’ असे समजून स्वस्थ बसू नका. लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे, रक्तातील सोडियम उतरणे यांपैकी काहीतरी असू शकते आणि त्यावर उपचार असतात. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.*

टप्पा २: माहेरच्या नावापासून वही सुरू करा

शंभर पानी साधी वही घ्यावी आणि जुनी माणसे आहेत तोवर ती भरून घ्यावी. पुष्कळांना दहा ते तीस या वयातील आठवणी सर्वांत उशिरापर्यंत साथ देतात. म्हणून नातवंडांच्या बारशापेक्षा त्या माणसाचे बालपण आणि तरुणपण वहीत अधिक आले पाहिजे. माहेर कोणत्या वाडीत, नदी होती की खाडी, शाळेत जाताना साकव ओलांडावा लागे का, भावंडांत कितवा नंबर, मुंबईला पहिल्यांदा बोटीने गेला की एसटीने, कोणत्या देवाच्या जत्रेला जात, बांगडा आवडे की मोदके, हे सारे लिहावे. जे विषय काढू नयेत तेही लिहावे: बुडालेली होडी, गेलेले मूल, भाऊबंदकीतील जमिनीचा खटला.

सगळ्यांत महत्त्वाची नोंद म्हणजे नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलत आणि साठ वर्षे तिला सासरच्या नावाने हाक मारली जाई. आजार वाढला की अनेकदा तेच नाव तिला परके होते. ‘सुलोचना’ म्हटल्यावर मान न वळवणारी बाई ‘बायग्या’ म्हटल्यावर चटकन पाहते. पुरुषांचेही घरगुती नाव असेच शोधावे.

भाषेचेही तसेच. उशिरा शिकलेली भाषा आधी निसटू शकते. आयुष्यभर शाळेत प्रमाण मराठी शिकवलेले गुरुजी मालवणीत उत्तर देऊ लागले, तर तुम्हीही मालवणीत बोला. घाटावरून आलेल्या सुनेला किंवा मुंबईत वाढलेल्या नातवाला ती बोलता येत नसेल, तर वहीच्या शेवटच्या पानावर वीस वाक्ये लिहून घ्यावीत. चुकीची मालवणी चालते. तिला हसू आले तर तो फायदाच.

टप्पा ३: वेळ आणि जागा ठरवा

सकाळची पेज झाल्यावर, साधारण नऊ ते अकरा, ही बहुतेकांची चांगली वेळ असते. तिन्हीसांज टाळावी. प्रकाश उतरतो, सावल्या लांबतात, दिवसभराचा थकवा चढतो आणि अनेकांची बेचैनी नेमकी तेव्हा वाढते. घरच्यांनी संध्याकाळी दिवे नेहमीपेक्षा अर्धा तास आधीच लावले आणि खिडक्यांवर पडदे ओढले तर फरक पडतो.

जागेसाठी ओटी किंवा मागील पडवीचा कोपरा निवडावा. दूरदर्शन संच बंद करावा. मिक्सर, पंप, बाहेर गप्पा मारणारी मंडळी यांपैकी जे थांबवता येईल ते थांबवावे. चमकदार फरशीवर गडद पायपुसणे असेल तर काढावे, कारण खोलीचा अंदाज बिघडलेल्या डोळ्यांना तो खड्डा वाटू शकतो.

एका वेळी एक माणूस, फार तर दोन. गणपतीत हे पाळणे सर्वांत कठीण जाते. माझा आग्रह असा आहे की आरतीच्या गर्दीत तिला मखरासमोर बसवण्यापेक्षा सकाळी घर निजलेले असताना एकाने तिचा हात धरून माटवीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीखाली, न्यावे आणि तेरडा, कवंडळ, आंब्याचा टाळ, ओली सुपारी अशी एकेक वस्तू दाखवावी. आरतीला ती आली नाही म्हणून देव रागावणार नाही, नातेवाईक रागावले तर रागावोत.

*तपासून पाहा: तिने लघवीला जाऊन आल्यावर भेट सुरू होते आहे का? भुकेली किंवा झोपेतून नुकतीच उठलेली नाही ना? प्रकाश तुमच्या तोंडावर पडतो आहे की पाठीवर? पाठीवर पडत असेल, तर तिला तुमच्या जागी काळी आकृती दिसते.*

टप्पा ४: पहिली दोन मिनिटे

येथेच भेट बिघडते, म्हणून क्रम काटेकोरपणे पाळावा.

१. समोरून या. या आजारात बाजूचे दिसणे आक्रसू शकते. कडेने येऊन खांद्यावर हात ठेवलात तर तो हात कुठून आला हे कळत नाही आणि माणूस दचकतो.

२. पाच-सहा पावलांवर थांबा, तिची नजर तुमच्यावर येऊ द्या, मग पुढे या.

३. तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा. खाटेशेजारी पाट किंवा खुर्ची आधीच ठेवलेली असावी. उभ्याने वाकून बोलणे हे दटावण्यासारखे दिसते.

४. नाव आणि नाते स्वतःच सांगा, विचारू नका. ‘आते, मी इलंय. तुझ्या धाकट्या भावाचो झील (मुलगा).’ एवढे पुरे. तिने तुम्हाला तुमचे काका समजून हाक मारली तर तुम्ही कोणीतरी जवळचे आहात एवढे तिला कळले आहे. चूक सुधारू नका.

५. हात पुढे करा, पण धरू नका. तिने हात ठेवला की मग धरा.

६. थांबा. एक वाक्य बोलल्यावर मनात दहापर्यंत मोजा. उत्तर मेंदूत तयार होत असते, आणि आपण तिसऱ्या सेकंदाला प्रश्न बदलून विचारल्यावर तिचे सगळे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

*इशारा: ‘सोनुल्या’, ‘शाणी बाय ती’ असा लहान मुलाशी बोलण्याचा सूर लावू नका. तिने हयातभर घर चालवले आहे. ज्यांना ‘तुम्ही’ म्हणत आलात, त्यांना आजही ‘तुम्ही’च म्हणा.*

टप्पा ५: प्रश्न कमी करा, वस्तू पुढे करा

‘काल कोण आले होते?’, ‘सकाळी काय जेवलात?’, ‘आठवते का?’ हे तिन्ही प्रश्न बाद. त्यांचे उत्तर नेमके त्या कप्प्यात असते जो रिकामा झाला आहे. प्रश्न विचारायचाच तर मताचा विचारावा, कारण मत चुकत नसते: ‘सोलकढीत लसूण घालावी की नको?’ या एका प्रश्नावर माझ्या आत्येने अर्धा तास एका मृत जावेची उणीदुणी काढली आहेत.

जुन्या फोटोंचा अल्बम दाखवताना ‘हा कोण?’ विचारू नका. फोटो हातात द्या आणि आपणच बोला: ‘काय झकास लुगडे नेसला आहे हिने.’ फोटोपेक्षा वासाची वस्तू अनेकदा जास्त खोल जाते. सुरंगीचा वळेसार (गजरा), ताजी आमसुले, भाजलेल्या सुक्या बांगड्याचा दरवळ, पहिल्या पावसातील ओले पातेरे, यांपैकी एक वस्तू न्यावी. एकच न्यावी, टोपली भरून नव्हे.

टप्पा ६: हाताला काम द्या

शब्द गेल्यानंतरही हातांची सवय पुष्कळ काळ टिकते, कारण ती मेंदूच्या वेगळ्या भागांत मुरलेली असते. म्हणून समोरासमोर बसून बोलत राहण्यापेक्षा शेजारी बसून एक काम दोघांनी करणे सोपे जाते; बोलण्यातील मोकळ्या जागा मग खटकत नाहीत. कुळीथ निवडणे, लसूण सोलणे, अबोली ओवणे, सोले वाळत घालून उलटणे ही बसून करण्याजोगी कामे आहेत. मासेमारी केलेल्या माणसाच्या हातात जाळ्याचा फाटका तुकडा आणि दोरा द्या; पावसाळ्याच्या बंदीत पडवीत बसून त्याने जन्मभर तेच केलेले असते.

कुळीथ निवडताना माझी आत्या सुपाच्या कडेला दाणे ओढते, खडा सापडला की अंगठा आणि मधल्या बोटाच्या चिमटीतून तो न बघता अंगणात उडवते आणि मग ओठ किंचित मुडपते, जणू दुकानदाराला ऐकवते आहे. त्या वेळी ती कोणत्याच अर्थाने आजारी दिसत नाही.

या टप्प्यावर तीन चुका वारंवार होतात. पहिली, तिने केलेले काम तिच्यादेखत पुन्हा करणे. दुसरी, उद्याही काम हवे म्हणून निवडलेले कुळीथ तिच्या डोळ्यांसमोर पुन्हा खड्यांत मिसळणे. मिसळायचेच तर आत नेऊन मिसळा. तिसरी, ‘जमत नाही तर राहू दे’ म्हणत सूप काढून घेणे. काम पूर्ण व्हावे हा हेतूच नाही. मात्र नारळ खवायला विळी देऊ नये. पात्याच्या जवळ सवयीचा हात आणि हरवलेले लक्ष ही जोडी धोक्याची आहे.

टप्पा ७: अडणारी वाक्ये

*‘माका घराक जावचा हा.’* साठ वर्षे नांदलेल्या घरात बसून ती हे म्हणते आणि आपण तत्काळ उत्तर देतो, ‘हेच तुझे घर.’ हे उत्तर खरे आहे आणि निरुपयोगी आहे. घर म्हणजे बहुधा माहेर, किंवा तेही नव्हे, जेथे धाकधूक नव्हती अशी कोणतीही जागा. क्रम असा ठेवा: लघवी, भूक, दुखणे, उकाडा यांपैकी काही आहे का ते आधी पाहा, नंतर भावनेला उत्तर द्या, ‘घराची याद येता मगे?’, मग घराबद्दल तिला सांगू द्या, ‘दारात काय होतं? माड की फणस?’, तरीही ती उठलीच तर अडवू नका, बरोबर चला, खळ्याभोवती एक फेरी मारा आणि निघालात त्या दाराऐवजी दुसऱ्या दाराने आत या.

*इशारा: हे ‘घरी जाणे’ रात्री एकटीनेही सुरू होऊ शकते. विहिरीला कमरेच्या वरपर्यंत कठडा आणि जाळी असावी, बेड्याला (अंगणाच्या फाटकाला) तिच्या सवयीचा नसलेला कडीकोयंडा असावा, आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीकडे (दगडी पायऱ्यांकडे) जाणारी वाट बंद असावी. खिशात किंवा गळ्यातील दोऱ्यात घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवा.*

*‘माझी आवस खय?’* (आई कुठे आहे?) ‘ती तर कधीच वारली’ हे दरवेळी सांगणे म्हणजे तिला दरवेळी नव्याने सुतक लावणे. ‘बाजारात गेली आहे’ ही थाप मलाही पटत नाही, कारण मग ती वाट पाहत बसते. मी पाळतो तो नियम असा: आजाराच्या सुरुवातीला, शांतपणे आणि सरळ विचारले तर सौम्यपणे खरे सांगावे; पुढच्या काळात आईबद्दलच बोलू लागावे. ‘आवशीची याद इली? ती घावणे कसे करायची?’ प्रश्नाखाली बहुतेकदा ‘मला धीर द्या’ एवढेच असते.

*‘माझी पाटली चोरली.’* वाद घालू नका आणि ‘मी नाही चोरली’ अशी सफाईही देऊ नका. ‘पाटली गेली म्हणजे काळजीच. चल, बघूया’ म्हणत तिच्याबरोबर शोधा. तांदळाचा डबा, उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागची फट या जागा आधी पाहा. शोधून दिल्यावर ‘बघ, तूच ठेवली होतीस’ हे वाक्य गिळा.

*‘दारात पोरं उभी आसत.’* कोणी नसताना माणसे स्पष्ट दिसत असतील तर ते डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण स्मृतिभ्रंशाच्या लेवी बॉडी या प्रकारात असे होते आणि त्या रुग्णांना मनोविकारावरील काही औषधे गंभीर अपाय करतात. घरी मात्र ‘मला दिसत नाहीत, पण तुला दिसतात ना, भीती वाटते का?’ एवढे पुरते. भीती नसेल तर पोरे उभी राहू द्या.

तोच प्रश्न दहाव्यांदा आला तर दहाव्यांदाही पहिल्याच सुरात उत्तर द्यावे. सूर राखणे जमेनासे झाले की विहिरीवरून कळशी आणण्याचे निमित्त काढून पाच मिनिटे बाहेर जावे. ते वैतागून बोलण्यापेक्षा बरे.

टप्पा ८: निरोप आणि फोन

निरोप लांबवू नका. दारात ठेवलेल्या बॅगा आणि डोळे पुसणारी माणसे पाहून ती घाबरते. जेवणाचे ताट समोर आल्यावर किंवा काम हातात असताना, हात धरून ‘येतंय हां’ म्हणावे आणि निघावे. आपल्याकडे ‘जातो’ म्हणत नाहीत, हे येथे फार कामाचे ठरते.

व्हिडिओ कॉलवर कोपऱ्यात दिसणारा स्वतःचा चेहरा तिला परकी म्हातारी वाटू शकतो. ती चौकट लपवावी. वेळ रोजची एकच ठेवावी, घरातील एक माणूस शेजारी असावा आणि पाच मिनिटांत आटपावे. रेंज तुटक असेल तर चित्राचा हट्ट सोडून साधा फोन करावा. अडखळणाऱ्या चित्रात ओठ एक बोलतात आणि आवाज दुसरेच काही सांगतो.

टप्पा ९: शब्द संपल्यावर

शेवटच्या काळात लोक भेटायला येणे बंद करतात, कारण ‘तिला कळत नाही’. तिच्या डोक्यावरून तिच्याविषयी बोलू नका. ऐकू येत नाही असे गृहीत धरणे चूक आहे. कोमट खोबरेल तळव्याला हळूहळू चोळा, तिच्या श्वासाच्या लयीशी आपला हात जुळवा. जुना अभंग किंवा ओवी हलक्या आवाजात म्हणा. देवळातील गाऱ्हाण्याची, म्हणजे देवापुढे घातलेल्या साकड्याची, ओळ तिच्याजवळ बसून म्हणून पाहा; तिला सारे ‘व्हय म्हाराजा’ अशी साथ देतात. माझ्या ओळखीच्या एका घरात महिनोन् महिने न बोललेल्या आजोबांनी ‘व्हय म्हाराजा’ स्पष्ट म्हटले होते. प्रत्येक घरात असे होईल असे नाही. भुवई हलणे, बोट घट्ट होणे, श्वास संथ होणे हेही उत्तर असते.

*इशारा: प्रेमापोटी निजल्या माणसाच्या तोंडात पेज किंवा शहाळे ओतू नका. गिळण्याची क्रिया बिघडलेली असते आणि पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊ शकतात. ताठ बसवा, लहान चमचा द्या, गिळल्याची खात्री करा. ठसका वारंवार लागत असेल तर डॉक्टरांना दाखवा.*

टप्पा १०: निघण्यापूर्वी वहिनीपाशी बसा

भेट आजीची झाली. आता जी व्यक्ती बारा महिने तिच्याबरोबर आहे तिच्यापाशी बसा. ‘मागच्या वेळी आई किती छान बोलली माझ्याशी’ हे तिला ऐकवू नका. पाहुण्यांसमोर तासभर नीट वागून रात्री सारे घर जागवणे या आजारात नेहमीचे आहे आणि ती रात्र वहिनीने काढलेली असते. तिला सल्ल्याऐवजी तारखा द्या: अमुक महिन्यात पंधरा दिवस मी राहीन, तू माहेरी जा. मुंबईतील भावंडांनी हे वेळापत्रक लेखी करावे, अन्यथा ते होत नाही. तिला एकटीने कोणाशी बोलायचे असेल तर ज्येष्ठ नागरिकांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६ हे दोन्ही निःशुल्क क्रमांक वहीच्या मुखपृष्ठाच्या आत लिहून ठेवा.

त्याच वहीत या भेटीची तारीख टाकून काय चालले, काय बिघडले हे चार ओळींत लिहा. पुढच्या महिन्यात दुसरा भाऊ येईल, तेव्हा त्याला कुळीथ सुपासकट कुठे ठेवले आहे ते तरी कळेल.